हात वर न करणारा माणूस

न्यूझीलंडमधल्या आमच्या पापाकुरात बस आपणहून थांबत नाही. तुम्ही थांब्यावर उभे आहात, खांद्याला बॅग आहे, डोळे बसकडे लागलेत, एवढं ड्रायव्हरला पुरत नाही. हात वर करावा लागतो. नाही केला तर तो समजतो की हा माणूस हवा खायला उभा आहे, आणि सरळ निघून जातो. पुण्याहून आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या डोळ्यांदेखत अशा बस गेल्या आणि मी मुकाट्याने शिकले. कॅल मात्र तीसेक वर्षं या देशात राहूनही शिकला नव्हता.

म्हणजे माहीत होतं त्याला. करायचा नाही.

थांब्यावर दुसरं कुणी असलं तर ठीक, त्याच्या हातावर याचीही बस थांबायची. एकटा असला की हा फुटपाथच्या अगदी कडेला जाऊन उभा राहायचा, बसकडे रोखून बघायचा आणि बस निघून गेली की पुढच्या बसची वाट बघायचा. मी क्लिनिकमध्ये रुजू झाले त्या दिवशी माझा हा सहायक तासभर उशिरा आला.

"बस गेली," तो म्हणाला.

"हात केला होता का?"

"नाही."

त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा होता. रिसेप्शनवरची पॅम मला बाजूला घेऊन म्हणाली, "कॅल हात वर करत नाही. सवय होईल तुला. स्वीट अ‍ॅज." यावरून आठवलं, 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', यावर कॅलचा फार राग. "कशासारखं गोड ते तरी सांगा," म्हणायचा. "इतकी वर्षं वाट बघतोय, या देशात कुणी वाक्य पुरं करेना."

मी पडले फिजिओथेरपिस्ट. मला वाटलं याचा खांदा धरलेला असणार आणि गडी लाजेपायी सांगत नसणार. एकदा क्लिनिक रिकामं असताना त्याला टेबलावर आडवं पाडलं आणि हात फिरवून पाहिला. हात सोळा वर्षांच्या पोराचा असावा तसा कानापर्यंत गेला. कॅल छताकडे बघत पडला होता. "बॉस, त्या खांद्यात काही नाही," एवढंच म्हणाला. स्टाफ मीटिंगला शुक्रवारी पिझ्झा आणायचा की सुशी, यावर सगळ्यांचे हात वर जायचे आणि हा कोपऱ्यातून मोठ्यांदा सांगायचा, "मी पण पिझ्झा." रस्त्यात भेटला तर हनुवटी उचलून ओळख द्यायचा. हात कमरेच्या वर नाही.

दिसायला साठी ओलांडलेला, ठेंगणा, मानेने जाड आणि चालताना टाचा न टेकणारा. उंची जेमतेम साडेपाच फूट. आणि हा माणूस अमेरिकेत, पोटापाण्यासाठी, त्यांचा तो फुटबॉल खेळलेला. मला तो खेळ आजतागायत धड कळलेला नाही, पण कॅलचं त्यातलं काम कळलं, कारण तेवढं एकच काम होतं. समोरची टीम चेंडू लाथेने उंच आभाळात उडवते. मागे, लांबवर, एक माणूस एकटा उभा असतो. त्याने तो झेलायचा आणि उलट पळत सुटायचं. तोवर समोरून अकरा जण त्याच्या अंगावर धावत आलेले असतात, एकेक म्हशीच्या वजनाचा. बाकी सगळा वेळ या माणसाने बाकावर बसायचं. "मॅचमध्ये माझं काम चहा गाळण्याइतका वेळ चालायचं," तो म्हणायचा. चहा गाळणं तो आमच्या घरी शिकला, ही पुढची गोष्ट.

उंचीपायी त्याला कुणी घेईना. कॉलेजातून टीममध्ये बोलावणं आलं नाही, तो स्वतःच बॅग घेऊन जाऊन उभा राहिला. कार्यक्रमपत्रिकेत त्याची उंची दोन इंच वाढवून छापायचे, म्हणजे बघायला आलेल्यांना हसू येऊ नये. एकेका टीमने घेतलं, काढलं, परत घेतलं. काढायची त्यांची एक रीत होती. सकाळी दारावर टकटक व्हायची आणि टीमचा कुणीतरी नोकरमाणूस म्हणायचा, कोचने बोलावलंय, तुझं डावपेचांचं पुस्तक घेऊन ये. पुस्तक घेऊन ये म्हटलं की समजायचं, दाणापाणी संपलं. त्या टकटकीच्या धास्तीने कॅल बॅग कधी उपसायचाच नाही. ती खोड इथेही राहिली होती. क्लिनिकमध्ये त्याचं कपाट सदा मोकळं, डबा, स्वेटर, छत्री सगळं बॅगेत. मी त्याच्या घरी एकदा गेले होते तर भिंतीवर एक खिळा नव्हता. तीस वर्षं झाली होती आणि हा अजून टकटकीची वाट बघत होता. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

आमच्या क्लिनिकतर्फे शेजारच्या हॉलमध्ये वयस्कर मंडळींचा वर्ग भरायचा. पत्रकावर त्याचं नाव तोल आणि ताकद असं काहीतरी भारदस्त होतं. कॅल त्याला पडण्याचा वर्ग म्हणायचा. पडू नये म्हणून काय करावं हे मी सांगायचे आणि पडलात तर काय करावं हे तो. लोक अर्थातच त्याच्यासाठी यायचे. तो प्रत्येकाच्या छातीशी एकेक उशी द्यायचा आणि ती सोडायची नाही म्हणून बजावायचा. "पडणार तर आपण सगळेच," तो म्हणायचा. "कुठल्या कुशीवर, एवढंच आपल्या हातात आहे." आणि मग सांगायचा की माणूस पडण्याआधीच घाबरून पडतो. खांदे कानाला भिडतात, श्वास अडतो, हनुवटी आत जाते. समोरच्याचे खांदे बघायला शिका, मग स्वतःचे कळतील. जोड्या लावून तो हे करून घ्यायचा. सत्तरी-ऐंशीची माणसं एकमेकांच्या खांद्यांकडे टक लावून बघत उभी असायची.

बाबा गेल्यावर मी आईला इकडे घेऊन आले. पुण्यात ती न्हाणीघरात पडली होती आणि तेव्हापासून भिंत धरून चालायची. तिला मी वर्गात नेलं तेव्हा ती दारातच अडून बसली. "या वयात मला लोळायला शिकवतेस होय गं सुमे?" कॅलने ते ऐकलं. कळलं काही नसणार, पण सूर कळला. तो आला आणि काही न बोलता तिच्या पायांपाशी चटईवर आडवा झाला. तिथून वर बघत हसला. एवढा मोठा बाप्या आपल्यापेक्षा खाली पडलेला बघून आईची भीड चेपली.

"हे तुझं वामन बरं आहे गं," ती घरी येताना म्हणाली.

नाव पडलं ते पडलं. वर्गातले सगळे जण तिला आई म्हणायला लागले आणि ती कॅलला वामन म्हणायला लागली. त्याने अर्थ विचारला तेव्हा मी गाडीत त्याला गोष्ट सांगितली. बळी नावाचा चांगला राजा होता, देवाने बुटक्या बटूचं रूप घेऊन त्याच्याकडे तीन पावलं जमीन मागितली, दोन पावलांत सगळं विश्व व्यापलं आणि तिसरं पाऊल राजाच्या डोक्यावर ठेवून त्याला पाताळात ढकललं. कॅल खूष. "दोन पावलांत सगळं मैदान," म्हणाला. "मला तीन कधीच लागली नसती."

हात वर न करण्याचं कारण तो लपवायचा नाही. उलट ती त्याची ठेवणीतली गोष्ट होती. कुणी नवीन माणूस चहाच्या वेळी विचारी आणि पॅम डोळे मिटून घेई, कारण तिला ती पाठ होती. त्या खेळात असा नियम आहे की झेलणाऱ्याने चेंडू हवेत असताना एक हात डोक्यावर नेऊन हलवला, तर त्याला कुणी शिवायचं नाही. पण मग त्यालाही पळता येत नाही. झेल घ्यायचा आणि जिथे आहोत तिथे संपलं. कॅलने सगळ्या आयुष्यात तो हात कधी केला नव्हता. लोक तिकीट काढून यायचे ते हा बुटका हात करत नाही हे बघायला. आणि मोसमातल्या सगळ्यात मोठ्या मॅचला, शेवटच्या मिनिटांत, समोर मैदान मोकळं असताना, त्याने हात वर केला. टीम हरली. दुसऱ्या सकाळी दारावर टकटक.

"का केलास?" नवीन माणूस विचारायचा.

"बायकोला शब्द दिला होता," कॅल म्हणायचा, आणि लोक हसायचे. त्याची बायको, हेलन, त्या गोष्टीत नेहमी शेवटी यायची आणि लोक नेहमी तिथेच हसायचे.

हेलन इथलीच, न्यूझीलंडची. नर्स म्हणून अमेरिकेत गेली होती. याच्या गळ्याचं हाड मोडलं तेव्हा हा तिच्या वॉर्डात आला आणि लग्न करूनच बाहेर पडला. खेळ सुटल्यावर ती त्याला आणि लहानग्या जोसीला घेऊन मायदेशी आली. काही वर्षांनी वेगळी झाली. आता लेकीजवळ हॅमिल्टनला असते, एवढं तो सांगायचा आणि विषय बदलायचा.

रविवारी आम्ही आईला अवोन्डेलच्या बाजारात न्यायचो. मेथी, शेपू, अळूची पानं, बरोबर कोथिंबीर फुकट मागायची सोय, त्यामुळे आईचा जीव तिथे रमायचा. कॅल पिशव्या उचलायला येऊ लागला. एका रविवारी पलीकडे गाड्या लावायच्या जागेत काही मुलं रग्बीचा चेंडू लाथाडत होती. एकाची लाथ जोरात बसली आणि चेंडू भाजीवाल्यांच्या डोक्यांवरून उंच आला. सगळ्यांनी माना आखडून घेतल्या. कॅलने पिशव्या खाली ठेवल्या. फेकल्या नाहीत, नीट ठेवल्या. चार पावलं मागे गेला, वर बघत राहिला, आणि चेंडू त्याच्या छातीत असा शिरला की आवाजही झाला नाही. तिकडून ती दांडगी मुलं आरडत धावत आली. आणि हा साठीचा माणूस पळाला. भोपळ्याच्या ढिगामागून, बाळाच्या गाडीला वळसा घालून, दोन बायकांच्या मधून अंग चोरून. कुणाला बोट लागलं नाही. मुलं एकमेकांवर आदळली आणि हा पार टोकाला चेंडू घेऊन हसत उभा. दम लागला होता, पण चेहरा असा होता की मी तो आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. हा माणूस खरोखर कोण होता हे मला त्या क्षणी कळलं, आणि मग वाईट वाटलं, की तो आता पिशव्या उचलतोय.

माझा नवरा, श्रीरंग, तर पेटलाच. आयटीतला माणूस, क्रिकेटपलीकडे खेळ माहीत नाही, पण घरी येईपर्यंत त्याने फोनवर कॅलची ती जुनी मॅच शोधून काढली. कॅल जेवायला थांबला होता. आईने पोहे केले होते, कारण तिच्या मते वामनाला पोहे आवडायचे. श्रीरंगने मॅच टीव्हीवर लावली.

चित्र जुनं, रंग उडालेले. चेंडू उंच गेला. खाली एक बारकासा माणूस. समोर खरंच कुणी नव्हतं, ते म्हशीच्या वजनाचे लोक कुठे मागे राहिले होते. आणि त्या बारक्या माणसाचा हात वर गेला आणि हलला.

"अरे, एवढी जागा होती की!" श्रीरंग म्हणाला.

"बायकोला शब्द दिला होता," कॅल म्हणाला. सवयीने.

आई चष्मा सारखा करत टीव्हीजवळ गेली होती. "शब्द कसला?" ती म्हणाली. "भ्यायलंय ते लेकरू."

कॅलने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

मी आईकडे पाहिलं. "सांग की," आई म्हणाली. "पोह्यात मीठ कमी आहे असं काही मी म्हटलेलं नाही."

मी सांगितलं. तू तिथे घाबरलेला दिसतोस, असं म्हणतेय. कॅलने बशी खाली ठेवली. श्रीरंगला म्हणाला, परत लाव. परत लावलं. आईने टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं. "हे बघ, खांदे कानाला. हनुवटी आत. चेंडूकडे कुठे बघतोय, माणसं शोधतोय. तूच शिकवलंस ना बघायला? मी न्हाणीघरात अश्शीच झाले होते."

मी भाषांतर करत होते आणि मला ते थांबवावंसं वाटत होतं. कॅल टीव्हीकडेच बघत होता. मग म्हणाला, "इतक्या लोकांनी ही मॅच पाहिली. कोचने पाहिली, पेपरवाल्यांनी पाहिली. कुणाला दिसलं नाही."

आणि मग त्याने सांगितलं. हात वर करीन असा हेलनला शब्द दिला होता हे खरं. दर मॅचला द्यायचा आणि एकदाही पाळला नव्हता. आदल्या आठवड्यात त्याला असा फटका बसला होता की उठल्यावर आपण कुठल्या गावात आहोत ते त्याला सांगता येईना. ते त्याने कुणाला कळू दिलं नाही. त्या दिवशी चेंडू वर गेला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा चेंडू सोडून माणसांकडे पाहिलं. हात आपला आपण वर गेला. मॅचनंतर पेपरवाल्यांनी गराडा घातला, का केलंस, का केलंस, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, घरी शब्द दिला होता. इतकं सहज निघालं, म्हणाला, की मलाच ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी छापून आलं. बाकीच्या खेळाडूंच्या बायका हेलनशी बोलेनाशा झाल्या. त्याची आई जेवणाच्या टेबलावर सुनेला ऐकवायची, माझ्या मुलाचं सोनं होणार होतं, तुझी भीती आड आली.

"आणि हेलन?" मी विचारलं.

"ती मला सॉरी म्हणाली," कॅल म्हणाला. "तिने माफी मागितली, आणि मी ती घेतली."

घरात टीव्हीचा नुसता खरखर आवाज येत होता. श्रीरंगने तो बंद केला.

ती वेगळी झाली तेही त्याच पायी. तुझ्याकडे पाहिलं की माझ्यामुळे तुझं काय गेलं तेच दिसतं, म्हणाली आणि गेली. तेव्हाही याने तोंड उघडलं नाही. हात वर करणं मात्र बंद केलं. मोठी शिक्षा करून घेतली स्वतःला! माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं चहाच्या टेबलावर तिच्या नावावर हशा घेत होता हा माणूस. राग होता आणि त्याच्यावर माया होती, दोन्ही एकदम, आणि कुठलं खरं ते मला आजही सांगता येणार नाही.

"मग तिला जाऊन सांग की," आई म्हणाली. तिला मी शेवटचं वाक्य सांगितलं होतं. "बसलायस काय?"

तेव्हा त्याने उरलेलं सांगितलं. हेलनची आठवण जायला लागली होती. हॅमिल्टनमधल्याच रोटोटुनाला जोसीच्या घराजवळ एका केअर होममध्ये ठेवलं होतं. जोसीचा फोन येत होता, डॅड, ती ओळखतेय तोवर येऊन जा. जातो, कॅल म्हणाला. पुढच्या आठवड्यात नक्की.

पुढच्या आठवड्यात गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात पाऊस. मग वर्गात माणसं फार होती, मग पॅम रजेवर होती. अकरा माणसं अंगावर येत असताना उभा राहिलेला हा गडी, एका बाईच्या खोलीत जायला हिवाळा काढत होता. आई रोज वर्गात त्याला एकच शब्द विचारायची. तो तिने इंग्रजीत विचारायला शिकून घेतला होता. "वेंट?" कॅल नाही म्हणून मान हलवायचा. शेवटी एका गुरुवारी मी सुटी घेतली, आईला मागे बसवलं, त्याच्या दारावर जाऊन टकटक केली आणि म्हटलं, चल. तो बॅग घेऊनच बाहेर आला.

हमरस्त्यावर दोन्हीकडे हिरवीगार कुरणं आणि धुकं. कॅल बॅग मांडीवर घेऊन बसला होता. मग म्हणाला, "बॉस, तो तुमचा राजा. ज्याच्या डोक्यावर वामनाने पाय दिला. त्याचं पुढे काय झालं? कुणी विचारलं त्याला?"

मी आईला विचारलं. "विचारलं म्हणजे?" आई म्हणाली. "दर वर्षी विचारतो की. दिवाळीत पाडवा कुणाचा असतो? बळीचाच. इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो, असं म्हणून आम्ही त्याला आठवतो. वामनाला कोण ओवाळतंय?"

मी सांगितल्यावर कॅल खिडकीबाहेर बघत मान हलवत राहिला. "बरोबर आहे," म्हणाला. "बरोबर आहे."

जोसी दारातच उभी होती. बापाएवढीच उंची, बापासारखीच टाचा न टेकता चालणारी. तिने त्याला मिठी मारली आणि कानात काहीतरी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला तेव्हाच मला समजलं, उशीर झालाय.

हेलन खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. पांढरे केस नीट विंचरलेले, मांडीवर घडी घातलेली शाल. आम्हा सगळ्यांना तिने 'किया ओरा' म्हणत इथला नमस्कार केला, बसायला सांगितलं. नर्स होती ना, खोलीत आलेल्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये याची काळजी अजून होती. कॅल तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसला. तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही माझ्या नवऱ्याच्या उंचीचे आहात," ती म्हणाली.

कॅल म्हणाला, "हो का?"

"तो खेळाडू होता. फार मोठा झाला असता." ती किंचित पुढे वाकली, अनोळखी माणसाला गुपित सांगावं तशी. "माझ्यामुळे गेलं त्याचं सगळं. मी त्याला शपथ घातली होती. आणि भर मैदानात त्याने असा हात वर केला." तिने हात वर करून दाखवला. बारीक, शिरा दिसणारा हात. डोक्यावर नेऊन हलवला.

मी जोसीकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिची आई लेकीचं नाव विसरली होती, नवऱ्याचा चेहरा विसरली होती, आणि एवढंच तेवढं घट्ट धरून बसली होती.

"तुमच्यामुळे नाही," कॅल म्हणाला. "मी होतो तिथे. तो घाबरला होता."

"कोण?"

"तुमचा नवरा. त्याला भीती वाटली म्हणून त्याने हात केला. तुमचा काही संबंध नव्हता. मी अगदी जवळून पाहिलंय."

हेलनचा चेहरा बदलला. मला वाटलं, आता सुटली. पण ती ताठ बसली आणि तिच्या डोळ्यांत राग उतरला. "तुम्ही त्याला ओळखत नाही," ती म्हणाली. "तो कशाला घाबरायचा नाही. कशालाच नाही. असलं काही बोलायला तुम्ही माझ्या खोलीत येऊ नका."

बोलताना तिचा हात वरच राहिला होता. खाली घ्यायचा विसरली असावी. कॅल उठला, तो हात दोन्ही हातांत धरला आणि हळूच खाली आणून शालीवर ठेवला. तिने ठेवू दिला.

परतताना गाडीत आईने त्याला पदराखालून डब्यातला लाडू दिला. त्याने तो खाल्ला नाही, धरून बसला. पापाकुरा आल्यावर म्हणाला, "ती ओळखत होती तेव्हा मी शंभरदा सांगू शकलो असतो. स्वयंपाकघरात. दात घासताना. कधीही."

तो म्हणत होता ते खरं होतं.

पुढच्या गुरुवारी तो परत गेला, आणि मग दर गुरुवारी. दर वेळी हेलन त्याला नव्याने भेटायची, नवऱ्याची उंची सांगायची, तीच कबुली द्यायची. हा तेच सांगायचा. ती रागवायची.

"मग जातोस कशाला?" मी एकदा विचारलं. "तिला उगाच त्रास."

"अजून तिने मानलेलं नाही, बॉस," तो म्हणाला. चहाच्या टेबलावरची ती गोष्ट त्याने सांगणं बंद केलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, घाबरलो होतो. त्यावर कुणी हसायचं नाही. मग हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं.

उन्हाळा सुरू होताना त्याने नोकरी सोडली. जोसीच्या गॅरेजवरची खोली त्याला मिळाली होती, तिथून केअर होम चालत जाण्यासारखं. वर्गातल्या मंडळींनी त्याला उशी भेट दिली. आईने लाडवांचा डबा दिला आणि बजावलं, हे तिच्यासाठी, तू खायचे नाहीत. मी म्हटलं, सामान असेल, मी सोडते हॅमिल्टनला. तो हसला. सामान कसलं, तीच ती बॅग. "बसने स्टेशनला जाईन, पुढची व्यवस्था आहे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले होते. सिग्नलला गाडी थांबली आणि पलीकडच्या बाजूला थांब्यावर तो दिसला. एकटाच होता. खांद्याला बॅग, डाव्या हातात आईचा डबा, छातीशी घट्ट. मी हॉर्न वाजवणार होते, तेवढ्यात वळणावरून बस आली. मला वाटलं, आता हीही जाणार, आणि जोसी तिकडे वाट बघत बसणार.

कॅलने बसकडे पाहिलं. मग त्याचा उजवा हात वर गेला, डोक्याच्याही वर, पार सरळ. आणि टीव्हीवरच्या त्या उडालेल्या रंगांतल्या बारक्या माणसासारखा हलला. बस थांबली, दार उघडलं. तो चढला, तरी त्याचा हात वरच होता.